डावीकडचं वजन

१

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला शरयू गाडी बाहेर काढायची आणि वाईहून सांगलीला जायची. काम काही नसायचं. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आपल्याकडे बाईमाणसाला दीडशे किलोमीटर जायचं तर लग्न, मयत किंवा डॉक्टर यातलं काहीतरी एक लागतंच. म्हणून शेजारणीने विचारलं तर ती 'जरा काम आहे' म्हणायची आणि फाटक लावून घ्यायची. सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ गाडी लावायची, पाव किलो भडंग घ्यायचं, सावलीच्या पायरीवर बसून त्यातलं मूठभर खायचं, पाणी बघायचं आणि परत फिरायचं. चारच्या सुमाराला ती घरी असायची.

एवढंच. एकोणसाठाव्या वर्षी तिला मिळालेली ही चैन होती.

मधुकरराव जाऊन दीड वर्ष झालं होतं. माणूस वाईट होता म्हणावं तर तसं अजिबात नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, कोयनानगरच्या धरणावर सगळी नोकरी सचोटीने केलेली. फक्त चौतीस वर्षं गाडी त्यांनीच चालवली आणि ती डाव्या सीटवर बसली. काच किती खाली करायची, चहाला कुठे थांबायचं, बाईला लघवी लागलीय की नुसतं वाटतंय, हे सगळं उजव्या सीटवरून ठरायचं. शरयूने पस्तिशीत लायसन्स काढलं होतं. ते कपाटात लग्नाच्या अल्बमखाली जपून ठेवलेलं होतं.

ते गेले तेव्हा ती खरंच रडली. मग तीन महिन्यांनी क्लास लावून तिने गाडी नव्याने शिकून घेतली, आणि पहिल्यांदा हायवेला लागली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की तिला त्याची लाज वाटली. लाज वाटूनही हलकंच वाटलं.

गाडी आता मुलाच्या, पुष्करच्या नावावर होती. तो पुण्याला. त्याला आईने गाडी चालवणं मुळीच पसंत नव्हतं. फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, की गाडीची आणखी एक तक्रार आली तर मी ती विकणार आणि तुला इकडे घेऊन येणार. त्यामुळे त्या गुरुवारी काशीळच्या पुढे गाडी आपोआप डावीकडे जायला लागली, तेव्हा शरयूला आधी ते पालुपदच आठवलं. तिने स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरलं, तशीच सांगली गाठली, तशीच परत आली आणि मुलाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी साताऱ्याजवळच्या शोरूमला गेली.

२

शोरूमच्या पुढच्या भागात काचा, एसी आणि नव्या गाड्यांवर लाल फिती. मागच्या भागात वर्कशॉप. काउंटरवरच्या सूरज नावाच्या मुलाने तक्रार लिहून घेतली आणि म्हणाला, व्हील अलाइनमेंट करावं लागेल, म्हणजे चाकं एका रेषेत आणावी लागतील, आणि ते काम नाथाजीच करतात, जरा थांबावं लागेल. शरयू थांबली. तिला थांबायची सवय होती.

नाथाजी पन्नाशीचा, कराडकडचा. लष्करात ट्रक दुरुस्त करण्यात वीस वर्षं काढून आलेला. त्याची एक खोड होती. सगळे लोक रिकामी गाडी मशीनवर चढवतात, चाकांना मापाची भिंगं लावतात, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे करतात आणि मोकळे होतात. नाथाजीला ते पटायचं नाही. त्याच्याकडे वाळूने भरून शिवलेल्या पिशव्या होत्या, पाच किलोच्या, दहा किलोच्या, वीसच्या. गाडीत जेवढी माणसं रोज बसतात तेवढ्या वजनाच्या पिशव्या तो त्या त्या सीटवर ठेवायचा आणि मगच मशीनला हात लावायचा. मॅनेजर हसायचा, पण नाथाजीने केलेल्या गाडीचे टायर दीडपट चालतात हे सगळ्या साताऱ्याला माहीत होतं.

"ताई, गाडी रिकामी हुबी असती तवा तिला रेघंत आणून काय उपेग?" तो म्हणाला. "रस्त्यावर ती मानसं घिऊन पळती. तुमच्या गाडीत कोन कोन बसतं?"

आता एकट्या बाईची एक विद्या असते, ती कुणी शिकवत नाही, आपोआप येते. दाराबाहेर पुरुषी चपलांचा जोड ठेवायचा. दोरीवर एक शर्ट वाळत असू द्यायचा. गॅसवाला आला की आतल्या खोलीकडे बघून 'अहो, पैसे देते हं' असं म्हणायचं. परक्या पुरुषापुढे 'मी एकटी' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. शरयू दीड वर्षात यात तयार झाली होती. हायवेवर आपण एकटी असतो, दर गुरुवारी, हे या अनोळखी माणसाला सांगायची तिला काय गरज होती?

"आम्ही दोघं," ती म्हणाली.

"चालवतं कोन? साहेब?"

"नाही. मी चालवते. ते शेजारी बसतात."

हे बोलताना तिला गंमत वाटली, उगाच कशाला खोटं बोला. चौतीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते तिने एका वाक्यात करून टाकलं होतं. नाथाजीने वजनं विचारली. स्वतःचं चोपन्न तिने सांगितलं, आणि साहेबांचं विचारल्यावर जराही न अडखळता ब्याऐंशी. हा आकडा हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर होता.

नाथाजीने पिशव्या उचलून आणल्या. डाव्या सीटवर ऐंशी किलो आणि वर दोन किलोची एक छोटी पुरचुंडी. घसरू नयेत म्हणून त्याने त्यांच्यावरून बेल्ट ओढून लावला. गाडी डावीकडे किंचित खाली बसली. वर्कशॉपमधल्या मागच्या बाकावरून शरयूला नुसता सीटच्या वर आलेला पिशव्यांचा उंचवटा दिसत होता, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

३

गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. एका बोटाने स्टेअरिंग धरावं अशी. शरयू खूश होती, आणि पुढच्या गुरुवारी उंब्रजपर्यंत गुणगुणत गेली.

उंब्रजच्या पुलावर डाव्या सीटच्या बेल्टचा दिवा लागला आणि पीं पीं सुरू झालं.

हे यंत्र तिला माहीत होतं. सीटवर वजन आलं आणि बेल्ट लावलेला नसला की ते ओरडतं. पिशवी ठेवली तरी ओरडतं. पण तिची पर्स मागच्या सीटवर होती. डाव्या सीटवर काही नव्हतं, ऊन सोडलं तर. तिने बाजूला गाडी घेतली, सीटवर हात फिरवून बघितला, खालीही बघितलं. सीट उन्हाने तापली होती, हे साहजिक होतं. परत निघाली तर परत आवाज.

वाळूच्या पिशव्यांनी सेन्सर दबला असणार, तिने स्वतःला समजावलं. ऐंशी किलो म्हणजे काय थट्टा आहे? तसं असलं तर शोरूममध्ये दाखवायला हवं, पण नाथाजीचं काम रोख पैशांत भागलं तसं हे भागणार नव्हतं, सेन्सर बदलला की कंपनीचा मेसेज पुष्करच्या फोनवर जाणार. म्हणून तिने दुसरा उपाय केला. डावा बेल्ट ओढून रिकाम्या सीटवरून नेला आणि खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. वाहनांच्या घरघरीत ती शांतता जरा जास्तच जाणवली.

त्यानंतर दर गुरुवारी निघतानाच ती तो बेल्ट लावू लागली. आधी त्या सीटचा, मग आपला. चारपाच आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की गुणगुणणं बंद झालंय. कुणी मना केलं नव्हतं. नुसतं गाणं ओठांशी आलं की शेजारी कुणी ऐकतंय म्हटल्यावर जसं संकोचायला होतं तसं व्हायचं.

ती हुशार बाई होती. पंचवीस वर्षं तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. वर्गातल्या पोरांनी भुताचं नाव काढलं तर ती त्यांना पुरावा मागायची.

४

पुरावा चार महिन्यांनी मिळाला, आणि तोही तिने न मागता.

पाच हजार किलोमीटर झाले म्हणून ती गाडी घेऊन शोरूमला गेली. नाथाजीने गाडी वर चढवली, पुढच्या दोन्ही टायरांवर तळवा फिरवला, खाचांत पट्टी घालून बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. झीज एकसारखी होती. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, सगळं सारखं. त्याने मॅनेजरलाही हाक मारून दाखवलं. शरयूला म्हणाला की साहेब अगदी नेमाने बसतात बघा शेजारी, एक फेरी चुकवलेली दिसत नाही.

शरयूने विचारलं, ते कसं कळतं. नाथाजीला तेवढंच हवं होतं. त्याने खडूने फरशीवर टायर काढून समजावलं. गाडी दोघांच्या वजनावर बसवलीय. त्यातला डावीकडचा माणूस नसला की चाक जरा बाहेर कलतं आणि टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. पाच हजार किलोमीटरमध्ये नखाएवढी तरी खाल्ली जातेच, टायर काय कुणाची भीड ठेवत नाही.

शरयूने त्या टायरची बाहेरची कड बघितली. कोरीच्या कोरी होती.

वर्कशॉपमध्ये हवेच्या पाइपांचा फुसफुसाट चालला होता, कुणीतरी पाना आपटत होतं, लोक कामात होते. दिवसाढवळ्या, दहा माणसांत, तिने त्या कोऱ्या कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. आणि तिने दीड वर्ष पाळलेला नेम मोडला.

"नाथाजी, मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "गाडीत मी एकटीच असते. हे नाहीत. गेले. दीड वर्षांच्या वर झालं."

नाथाजीने खडू खाली ठेवला. मग त्याने जे कुणीही विचारलं असतं ते विचारलं. भाजीची पोती, सिलिंडर, पाण्याचे कॅन, असलं काही शेजारी ठेवता का? नाही. कुणाला लिफ्ट देता का? नाही. सगळा वेळ एकटीच? एकटीच.

"का सांगितलंसा मग दोघं म्हनून?"

तिने कारण सांगितलं. नाथाजीने मान हलवली. त्याची विधवा बहीण आटपाडीला राहायची, ती पण दारात चपला ठेवते, म्हणाला. त्यात तुमची चूक नाही.  मग त्याने फक्त चोपन्न किलोच्या पिशव्या उजव्या सीटवर ठेवल्या, डावी सीट रिकामी ठेवली आणि गाडी एकटीच्या वजनावर नव्याने बसवून दिली. गाडी खाली उतरवताना मात्र त्याने डावं दार एकदा उघडून आत बघितलं आणि परत लावलं.

५

त्या दिवसापासून गाडीने उभा दावा मांडला. एकटीसाठी सरळ केलेली गाडी शोरूमच्या फाटकातूनच डावीकडे ओढायला लागली. आधी थोडी, मग इतकी की सांगलीहून येईपर्यंत शरयूचे दोन्ही खांदे भरून यायचे. डाव्या चाकातून एक घुमणारा आवाज यायचा. वेग वाढवला की वाढायचा, कमी केला की कमी व्हायचा. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस होते. एका ट्रॉलीला मागे टाकताना गाडी त्या ट्रॉलीकडे अशी खेचली गेली की ट्रॉलीवरचा माणूस ओरडलेला तिला काचेतून दिसला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर ती जाते, हे म्हणणाऱ्यांनी आपलं गृहीतच धरलेलं असतं.

नऊशे किलोमीटर झाले आणि ती शोरूमला गेली. नाथाजी चाकापुढे बसला. डाव्या टायरची आतली कड पार खाल्ली गेली होती. रबर संपून आतल्या तारा दिसत होत्या, चमकत होत्या. नऊशे किलोमीटरमध्ये. त्याने तिला वाकून बघायला लावलं.

"ह्यो टायर आज न्हाई तर उद्या हायवेवर फुटला असता, ताई," तो म्हणाला. आवाज खाली घेऊन. "ब्याऐंशी किलोचा मानूस बसल्याबिगर ही कड अशी जात न्हाई. मी वीस वरसं हेच बघतोय. आता मला इचारू नगा कोन. तुमीच सांगा, काय करायचं."

काय करायचं? पुष्करला सांगायचं तर गाडी विकली जाणार, आणि गाडीबरोबर गुरुवार, घाटाची पायरी, तो मूठभर भडंगाचा घास, सगळंच जाणार. पुण्यात तिला ऋचाच्या, सुनेच्या हाताखाली एक खोली मिळणार, तीही मागच्या बाजूची. नाहीतर असंच चालवत राहायचं आणि एक दिवस टायर फुटायचा. शरयू नव्या गाड्यांच्या काचेमागे तासभर बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. आयुष्यभर सोबत केली ती पुरली नाही का या माणसाला?

मग रागातूनच एक विचार आला. बसू दे. चालवते तर मीच ना? बसू दे की शेजारी. चौतीस वर्षं मी बसले, आता त्यांना बसू दे आणि बघू दे.

तिने नाथाजीला सांगितलं, नवे टायर घाला आणि पूर्वीसारखं करा. नाथाजीने ब्याऐंशी किलो मोजून डाव्या सीटवर रचले. त्यावरून बेल्ट लावताना त्याने या वेळी तो हळूच लावला.

६

आणि खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने बरे गेले. गाडी सरळ चालत होती. शरयू हळूहळू बोलायला लागली. पुढे गतिरोधक आहे हं. हा बघा कसा घुसवतोय. आज ऊन फार आहे. उत्तर कधीच येत नव्हतं, पण घरात सबंध आठवडा तोंड मिटून काढणाऱ्या बाईला उत्तराची गरज तरी कुठे असते? एकटं राहायचं होतं हे खरं, आणि एकटं राहून राहून जीव विटला होता हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात मावतात.

आपल्याला हे आवडायला लागलंय, असं तिला एकदा पाचवडच्या सिग्नलला वाटून गेलं. तेव्हाच खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं.

पहिल्यांदा सीट मागे गेलेली सापडली. तिचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. तिने ती पुढे ओढली. पुढच्या गुरुवारी परत मागे. धुवायला दिलेल्या पोराने सरकवली असेल, ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं की गाडी महिनाभर धुतलेली नाही.

मग कराडच्या अलीकडचा रस्ता आठवेनासा झाला. सांगलीला पोचायची, पण मधला पूल, टोलनाका, काही केल्या डोळ्यांपुढे यायचं नाही. वयाने होतं असं, ती म्हणाली. एका गुरुवारी घाटावर न थांबताच गाडी वळून परतीला लागलेली होती, आणि भडंग घ्यायचं राहिलं हे तिला थेट पेठनाक्याला समजलं. विसरले असेन, ती म्हणाली. प्रत्येक गोष्टीला कारण मिळत होतं. कारणं शोधण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

आणि मग आष्ट्याच्या पुढचा तो प्रसंग. दुपारचा एक वाजला होता, रस्ता मोकळा होता. तोडणी झालेले उसाचे फड, मध्येच एखादं बाभळीचं झाड, एक विहीर, विहिरीवर मोटारीची खोली. हे सगळं संथपणे मागे जात होतं आणि ती बघत होती. छान वाटत होतं. काही करायचं नव्हतं. बराच वेळ असा गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण डावीकडच्या काचेतून बाहेर बघतोय. मघापासून. मान वळवून. आणि हात मांडीवर आहेत.

गाडी ऐंशीच्या वेगाने, आपल्या लेनमध्ये, अगदी बरोबर चालली होती.

तिने झडप घालून स्टेअरिंग धरलं. ते गरम होतं आणि जरा ओलसर, कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखं. घरी पोचेपर्यंत तिने रस्त्यावरून नजर काढली नाही आणि एक शब्द बोलली नाही.

७

शुक्रवारी दुपारी दोनला ती शोरूमला पोचली तेव्हा वर्कशॉप रिकामं होतं. सगळे डबे घेऊन मागच्या शेडमध्ये जेवायला बसले होते. नाथाजी एकटाच होता. तिचा चेहरा बघून त्याने अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली, हात धुतले आणि गाडी मशीनवर घेतली.

नवे टायर होते, दोन महिन्यांचे. डाव्याची बाहेरची कड किंचित झिजली होती. उजव्या टायरची आतली कड खायला सुरुवात झाली होती.

"वज्जन उजवीकडं गेलंय," नाथाजी चाकाशी बसून म्हणाला. "जड मानूस उजवीकडं. डावीकडं हलकं. पन्नास-पंचावन्न किलोचं." पन्नास-पंचावन्न किलोचं कोण आहे हे दोघांनाही माहीत होतं.

शरयू म्हणाली की हे चूक आहे. ती म्हणाली, मी चालवते, मी उजवीकडे बसते, तुमचं मशीन लावा आणि बघा. तिचा आवाज चढला होता. तिला एवढंच हवं होतं की कुठल्यातरी यंत्राने, कुठल्यातरी आकड्याने सांगावं, गाडी तू चालवतेस. पिशव्या ठेवू नका म्हणाली, मीच बसते.

नाथाजीने चाकांना भिंगं अडकवली आणि समोरच्या पडद्यापाशी जाऊन उभा राहिला. ती उजव्या सीटवर बसली, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. काचेतून तिला पडदा दिसत होता. चारही आकडे लाल. नाथाजीने यंत्र बंद करून परत लावलं. लाल. तो डोकं खाजवत राहिला. वरच्या पत्र्यावर कबुतराची पावलं वाजत होती, बाकी कसलाही आवाज नव्हता.

शरयूने हे स्वतःहून केलं, हे सांगायला हवं. कुणी तिला म्हटलं नव्हतं. ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, डावं दार उघडलं आणि बसली. बसताच गाडी तिच्या बाजूला किंचित दबली, जशी माणूस बसल्यावर दबते.

पडद्यावरचे चारही आकडे एकामागून एक हिरवे झाले.

नाथाजीची नजर पडद्यावर होती. वीस वर्षांची सवय. आकडे जुळले की स्टेअरिंगवरच्या माणसाला जे सांगायचं ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "हां, झालं. स्टेरिंग सरळ धरा."

स्टेअरिंग उजवीकडे दोन बोटं कललेलं होतं. शरयूच्या डोळ्यांसमोर ते सावकाश फिरलं आणि सरळ झालं. उजव्या सीटवर कुणी नव्हतं. सीटची गादी मात्र मधोमध खोल दबलेली होती आणि तिच्या कडा ताणल्या गेल्या होत्या.

नाथाजीने मान वर करून काचेतून आत बघितलं.  यंत्र तसंच टाकून तो धावत डाव्या दाराशी आला.

"उतरा, ताई."

शरयूने दार उघडलं. पाय हलतील की नाही असं तिला क्षणभर वाटलं, पण हलले. ती उतरली, दार लोटून दिलं आणि नाथाजीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. झालं. सुटले. गाडी गेली तर गेली, पुण्याची ती मागची खोली परवडली. यापुढे एसटीने जाऊ, चालत जाऊ, कुठेच नाही गेलो तरी चालेल. तिने मोठ्याने श्वास सोडला.

मग तिला दिसलं की गाडी वर उठली नाही. माणूस उतरला की गाडी उठते, एवढीशी, बोटभर. ही तशीच दबून होती, दोन्ही बाजूंनी. पडद्यावरचे आकडेही हलले नव्हते. हिरवे होते.

"उतरा, ताई," नाथाजी परत म्हणाला. दोन्ही हात काचेला टेकवून तो आत बघत होता. "ऐका माझं. उतरा खाली."

त्याच्या खांद्याआडून शरयूला सीटचा खालचा भाग तेवढा दिसला. तिथे मांडीवर ठेवलेले दोन हात होते, एकात एक गुंतवून, कुठेतरी पोचायची वाट बघत बसल्यासारखे.

"मी उतरलेय, नाथाजी," ती म्हणाली. "ही काय मी. इथे आहे."

त्याने वळून बघितलं नाही. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, हलवलं, परत हाक मारली. तो काचेवर थाप मारत राहिला आणि आतल्या बाईला विनवत राहिला.